उथळ पाणी आणि पंख्याचा आवाज : गोदावरी खोऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

१

छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोड-अजिंठ्याकडे जाणाऱ्या मार्गावर फुलंब्री हे तालुक्याचे गाव आहे. गावाजवळून वाहणारी गिरिजा नदी पुढे पूर्णेस मिळते आणि पूर्णेचे पाणी परभणी जिल्ह्यात गोदावरीत जाते. पावसाळ्यातील थोडे दिवस सोडले, तर गिरिजेला बहुतेक ठिकाणी उतार मिळतो; उन्हाळ्यात तिच्या पात्रातून बैलगाडी सहज पलीकडे जाते. अशा नदीकाठी नावाड्यांची वस्ती वाढली नाही आणि घाटावर धक्के उभे राहिले नाहीत, यात नवल नाही. दख्खनच्या पठारावरील लहानमोठ्या बहुतेक नद्यांची स्थिती हीच आहे. पावसाळ्यात पाणी इतके वेगवान, की नाव टिकू नये, आणि पावसाळा सरला की ते इतके उथळ, की नाव तरंगू नये.

या अडचणीवर लोकांनी आपापले उपाय योजले होते. मोठ्या नद्यांवर पावसाळ्यात तर चालत. तर नसे तेथे वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून माणसे पलीकडे जात. कृष्णा-पंचगंगेच्या काठी गूळ उकळण्याची काहील पुराच्या पाण्यात उतरविली जाई. दक्षिणेकडील नद्यांवर बांबूच्या सांगाड्यास कातडे मढवून केलेली गोल टोपलीवजा नाव, म्हणजेच हरगोल, वापरीत. या सर्व साधनांचा एक समान गुण असा, की त्यांचे बूड पाण्यात फारसे खोल जात नाही. दुसराही एक गुण ध्यानात घेण्याजोगा आहे. त्यांना आवाज नव्हता. वल्ह्याचा किंवा बांबूचा जो काही आवाज होई, तो पाण्याच्या आवाजात मिसळून जाई.

उथळ पाण्यावर यंत्राने चालणारी नौका कशी न्यावी, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात प्रथम गांभीर्याने पुढे आला आणि विसाव्या शतकात त्याला एअरबोट व हॉवरक्राफ्ट ही दोन उत्तरे मिळाली. दोन्ही उत्तरांत पंखा पाण्यातून काढून हवेत नेला गेला. त्यामुळे पाण्याच्या खोलीचे बंधन सुटले. परंतु त्याचे मोल आवाजाच्या रूपाने द्यावे लागले आणि ते बव्हंशी नौकेत न बसणाऱ्यांनी दिले. पंख्याचा आवाज कमी करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास पाहिला म्हणजे आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या ऐकणाऱ्याची दखल घेणे भाग होते, त्याच्यासाठीच शांत पंखे घडविले गेले. प्रस्तुत निबंधात या विधानाची तपासणी करावयाची आहे.

२

गोदावरीवर यांत्रिक नौकानयन आणण्याचा सर्वात मोठा प्रयत्न आर्थर कॉटन यांच्या कल्पनेतून निघाला. त्यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८५२ या काळात धवळेश्वरम येथे गोदावरीवर बंधारा बांधला गेला. त्रिभुज प्रदेशातील कालव्यांवर शेतीबरोबर वाहतूकही चालू शकते, हे दिसून आल्यावर कॉटन यांची दृष्टी नदीच्या वरच्या भागाकडे वळली. वर्धा आणि वैनगंगा यांच्या खोऱ्यांतील कापूस प्राणहितेतून गोदावरीत व तेथून समुद्राकडे नेता यावा, असा हा बेत होता. मार्गात खडकांचे तीन मोठे अडथळे होते. पहिला दुम्मागुडेमजवळ, दुसरा इंचमपल्लीजवळ आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरीजवळ. हे अडथळे बंधारे, कालवे व जलपाश यांच्या साहाय्याने ओलांडावयाचे होते. कर्नल हेग यांच्या हाताखाली हे काम काही वर्षे चालले. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेले सिरोंचा हे गाव त्या काळी मध्य प्रांताच्या अपर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते.

ही योजना १८७१ मध्ये सोडून देण्यात आली. खर्च अपेक्षेबाहेर गेला होता, रानातील हिवतापाने काम करणाऱ्यांचे हाल केले होते आणि मध्यंतरी १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोहोचला होता. कापसाला रेल्वेचा रस्ता मिळताच नदीच्या रस्त्याची निकड संपली. तथापि या अपयशाच्या मुळाशी एक निसर्गाची अटही होती. ज्या नदीत वर्षातून काही महिनेच पुरेसे पाणी असते, तिच्यावर नौका चालवावयाची तर नदी तरी बदलावी लागते किंवा नौका तरी. कॉटन आणि हेग यांनी नदी बदलू पाहिली. नौका बदलण्याचे कार्य पुढील पिढ्यांकडे आले.

३

त्या काळातील नौकांची जडणघडण पाहिली म्हणजे ही अडचण अधिक नीट समजते. आरंभीच्या आगबोटी बाजूस किंवा मागे बसविलेल्या मोठ्या चाकांनी चालत. १८३६ च्या सुमारास फ्रान्सिस पेटिट स्मिथ व जॉन एरिक्सन यांनी स्वतंत्रपणे मळसूत्री पंख्याचे प्रयोग केले. एप्रिल १८४५ मध्ये ब्रिटिश आरमाराने पंख्याची ‘रॅटलर’ आणि चाकांची ‘अलेक्टो’ या दोन आगबोटी पाठीस पाठ लावून जोडल्या व त्यांना विरुद्ध दिशांना ओढावयास लावले. ‘रॅटलर’ने ‘अलेक्टो’ला मागे खेचत नेले आणि समुद्रावरील वाद जवळजवळ मिटला.

नद्यांवरील वाद मात्र मिटला नाही. पंखा पूर्णपणे पाण्याखाली असावा लागतो. तो पृष्ठभागाजवळ आला की हवा ओढतो, तळाजवळ गेला की गाळ व वाळू उपसतो आणि पाणवनस्पती त्याच्या पात्यांभोवती गुंडाळल्या जातात. म्हणून उथळ नद्यांवर चाकांच्या आगबोटी दीर्घकाळ टिकून राहिल्या. जॉन थॉर्नीक्रॉफ्ट आणि आल्फ्रेड यारो या इंग्रज नौकाशिल्पींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नौकेच्या बुडालाच बोगद्यासारखी खोबण देऊन पंखा तीत बसविण्याची रीत रूढ केली. खोबणीत पाणी वर खेचले जाई, आणि नौकेचे बूड उथळ ठेवूनही पंख्याला पुरेसे पाणी मिळे. याच थॉर्नीक्रॉफ्ट यांनी १८७० च्या दशकात, नौकेच्या बुडाखाली हवेचा थर ठेवून पाण्याचे घर्षण कमी करावे, अशीही कल्पना मांडली होती. तो थर कोंडून ठेवण्याजोगे साधन आणि हलके, बलवान इंजिन त्या वेळी उपलब्ध नव्हते. त्यामुळे कल्पना कागदावर राहिली.

४

हलके इंजिन विमानविद्येबरोबर आले. १९०५ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या मंडळीने कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात, बॅडेक येथे, जोडनौकेवर हवाई पंखा बसवून त्याची चाचणी घेतली. त्या ओबडधोबड नौकेला त्यांनी ‘अग्ली डकलिंग’ म्हणजे ‘कुरूप बदकपिल्लू’ असे नाव दिले होते. बेल यांना पाहावयाचे होते ते विमानाचे पंखे; नौका हे केवळ चाचणीचे साधन होते. पण हवेला ढकलणारा पंखा पाण्यावरील वाहन चालवू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

या शोधाचा उपयोग ज्या युद्धात झाला, त्याच्याशी महाराष्ट्राचा निकटचा संबंध आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये मराठा पलटणींचा मोठा भाग होता. ही मोहीम सर्वस्वी तैग्रिस नदीवर अवलंबून होती. नदी वळणावळणाची, वाळूच्या दांड्यांनी भरलेली आणि उन्हाळ्यात अतिशय उथळ. पुरेशा उथळ बुडाच्या आगबोटी नव्हत्या. अन्न, औषधे व जखमी यांची वाहतूक कोलमडली. २९ एप्रिल १९१६ रोजी कुट येथे वेढ्यात सापडलेल्या सैन्याला शरण जावे लागले. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने १९१७ मध्ये दिलेल्या अहवालात नदीवाहतुकीच्या कमतरतेवर कठोर ताशेरे ओढले. या मोहिमेत तैग्रिसवर हवाई पंख्याच्या ‘हायड्रोग्लिसर’ नौकाही वापरल्या गेल्या. त्या पाण्यावरून घसरत जात. वाळूचा दांडा त्यांना सहसा अडवीत नसे. त्यांची संख्या थोडी असल्याने मोहिमेची मूळ अडचण त्यांनी सुटली नाही. परंतु उथळ नदीवर माणसांचे प्राण वाचविण्याचा प्रश्न नौकेच्या बुडाशी किती घट्ट बांधलेला असतो, हे कुटच्या अनुभवाइतके क्वचितच कोठे स्पष्ट झाले असेल.

पुढे अमेरिकेतील फ्लोरिडाच्या दलदलीत एअरबोट स्थिरावली. सपाट बुडाची नाव, तिच्या मागील टोकाला उंच बसविलेले विमानाचे किंवा मोटारीचे इंजिन, त्यावर उघडा पंखा आणि पंख्यामागे हवेचा झोत वळविणारी उभी सुकाणे, अशी तिची साधी रचना असते. तिला रोधक नसतो आणि सामान्यतः उलट चालताही येत नाही. गवत, गाळ आणि वीतभर पाणी यांवरून ती सारखीच जाते. मात्र तिची घरघर फार दूरवर पोहोचते. तिच्या चालकाला कानांवर संरक्षक आवरण घालूनच बसावे लागते. काठावरच्या माणसाला किंवा प्राण्याला ती सोय नसते.

५

थॉर्नीक्रॉफ्ट यांची हवेच्या थराची कल्पना इंग्लंडमध्येच क्रिस्टोफर कॉकरेल यांनी प्रत्यक्षात आणली. १९५५ च्या सुमारास त्यांनी एकात एक बसविलेले दोन पत्र्याचे डबे आणि हवा सोडणारे एक घरगुती यंत्र यांच्या साहाय्याने प्रयोग केला. बाहेरील कडेने गोल फटीतून हवा सोडली, तर आतील हवेची गादी अधिक भार पेलते, असे त्यांना आढळले. ‘एस.आर.एन. १’ हे पहिले मोठे हॉवरक्राफ्ट ११ जून १९५९ रोजी लोकांना दाखविण्यात आले आणि त्याच वर्षी २५ जुलै रोजी त्याने कॅले ते डोव्हर ही खाडी ओलांडली. पुढे कडेला लवचिक झालर लावण्यात आली आणि हवेची गादी अधिक उंच ठेवता येऊ लागली. १९६८ पासून मोटारी व प्रवासी वाहून नेणारी प्रचंड ‘एस.आर.एन. ४’ हॉवरक्राफ्टे इंग्लिश खाडीवर धावू लागली. ती सेवा ऑक्टोबर २००० मध्ये बंद झाली.

महाराष्ट्रात या वाहनाचा प्रयोग १९९० च्या दशकात झाला. मुंबई आणि नवी मुंबई यांच्यामध्ये ठाण्याची खाडी आहे. ओहोटीला तिच्या दोन्ही काठांवर चिखलाचे रुंद पट्टे उघडे पडतात. साध्या नौकेला तेथे भरतीची वाट पाहावी लागते; हॉवरक्राफ्टला चिखल आणि पाणी सारखेच. त्यामुळे या मार्गावर हॉवरक्राफ्टची प्रवासी सेवा सुरू करण्यात आली; ती फार काळ टिकली नाही. हॉवरक्राफ्टला उभे राहण्यासाठीही सतत शक्ती खर्चावी लागते. नौकेचा भार पाणी फुकट पेलते. हॉवरक्राफ्टचा भार इंधन पेलते. म्हणून रोजच्या प्रवाशांच्या वाहतुकीत ते महाग पडते आणि जेथे दुसरे कोणतेही वाहन पोहोचू शकत नाही, तेथेच ते किफायतशीर ठरते. भारतीय तटरक्षक दलाने २००० च्या सुमारास उथळ किनाऱ्यांच्या गस्तीसाठी हॉवरक्राफ्टे घेतली, ती याच हिशेबाने.

६

आता आवाजाचा विचार. एअरबोटीच्या किंवा हॉवरक्राफ्टच्या गोंगाटाला दोन मुख्य कारणे असतात. एक इंजिनाचा धूर बाहेर पडतानाचा स्फोटक आवाज आणि दुसरे पंख्याची पाती हवा कापतात तो आवाज. पहिला आवाज धुराच्या नळीस शामक बसवून पुष्कळ कमी करता येतो. दुसऱ्याला असा सोपा उपाय नाही. पाते फिरताना त्याच्या दोन्ही बाजूंवरील दाबात फरक असतो. हा दाबाचा फरक पात्याबरोबर गोल फिरतो आणि ठरावीक कालांतराने श्रोत्याच्या कानावर आदळतो. सोव्हिएत शास्त्रज्ञ गुटिन यांनी १९३६ मध्ये याचे गणित मांडले. त्यातून निघालेला व्यावहारिक निष्कर्ष असा, की पात्याच्या टोकाचा वेग हा आवाजाचा मुख्य कारक आहे, आणि तो वेग ध्वनीच्या वेगाजवळ जाऊ लागला की गोंगाट झपाट्याने वाढतो.

एक साधा हिशेब येथे उपयोगी पडेल. दोन मीटर व्यासाचा पंखा मिनिटास २,४०० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदास सुमारे २५० मीटर होतो. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदास सुमारे ३४० मीटर आहे. तोच पंखा १,६०० फेऱ्यांवर आणला, तर टोकाचा वेग १६८ मीटरच्या आसपास येतो आणि आवाज बराच उतरतो. पण फेरे कमी केले की रेटाही कमी होतो. तो भरून काढण्यासाठी पात्यांची संख्या वाढवावी लागते, पाती रुंद करावी लागतात किंवा पंख्याभोवती कडे बसवावे लागते. कड्यामुळे पात्याच्या टोकाशी हवा निसटत नाही आणि लहान, संथ पंख्यानेही पुरेसा रेटा मिळतो. म्हणजे शांत पंखा हा अज्ञात असा पदार्थ नाही. तो अधिक जड, अधिक खर्चीक आणि अधिक काळजीपूर्वक घडविलेला पंखा आहे.

हे ज्ञान महाराष्ट्राला परके नव्हते. कोल्हापूर परिसरातून आलेले विष्णू माधव घाटगे (१९०८–१९९१) यांनी गॉटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्राचा अभ्यास केला. पंख्याच्या पात्यांचा शास्त्रीय विचार ज्या थोड्या केंद्रांत घडला, त्यांपैकी गॉटिंगेन हे एक होते. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगळूर येथे आखलेल्या ‘एच.टी. २’ या शिकाऊ विमानाने ऑगस्ट १९५१ मध्ये पहिले उड्डाण केले. वायुगतिशास्त्राची बैठक देशात तयार होती. तिचा उपयोग नदीवरील शांत पंख्यासाठी करावा, अशी मागणी तेव्हा कोणी केली नव्हती.

इंग्लंडमध्ये ती मागणी झाली, कारण तेथील हॉवरक्राफ्ट भरवस्तीच्या किनाऱ्याला लागत होते. साउथसी ते राईड हा मार्ग १९६५ पासून चालू आहे. त्यावर आधी गॅस टर्बाइनची, उघड्या पंख्याची हॉवरक्राफ्टे धावत. १९८३ मध्ये त्यांच्या जागी ‘ए.पी. १-८८’ आली, तिला डिझेल इंजिने आणि कड्यातील पंखे होते. इंधनाची बचत झाली व आवाजही उतरला. फ्लोरिडात कायद्याने एअरबोटींना धुराच्या नळीचा शामक सक्तीचा केला. पात्यांचा आवाज मात्र त्या सक्तीने थांबत नाही. अशा प्रकारे शेजाऱ्यांच्या कानांना किंमत आली, तेव्हा आणि तेवढ्याच प्रमाणात यंत्र बदलले.

७

याच्या उलट बाजूचे उदाहरण मुंबई बंदरातच सापडते. पाण्याखालील पंखा वेगाने फिरला म्हणजे पात्याच्या मागील बाजूस दाब इतका उतरतो, की पाण्याचे बुडबुडे होतात आणि ते फुटताना मोठा आवाज होतो. पाणबुडीच्या बाबतीत हा आवाज म्हणजे शत्रूला दिलेली हाक होय. म्हणून पाणबुड्यांच्या पंख्यांवर जगभर अपार श्रम व धन खर्च झाले. पाती तलवारीसारखी मागे वळविली गेली, त्यांची संख्या वाढविली गेली, फेरे कमी केले गेले. माझगाव गोदीत बांधलेली ‘शाल्की’ ही पाणबुडी ७ फेब्रुवारी १९९२ रोजी आरमारात दाखल झाली. याच दशकात त्याच बंदरात हॉवरक्राफ्टे गर्जत जात होती. शांततेची गरज कोणाच्या कानासाठी मानली गेली, हे या दोन दृश्यांवरून दिसून येते. येथे कोणास दोष द्यावयाचा नाही. पाणबुडीतील खलाशांचा जीव शांततेवर अवलंबून असतो आणि तो खर्च योग्यच आहे. मुद्दा एवढाच, की शांत पंखा अशक्य आहे म्हणून तो केला गेला नाही, असे म्हणता येत नाही.

८

हा विचार गोदावरी खोऱ्याच्या दृष्टीने आज अप्रस्तुत नाही. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमाने देशातील १११ जलमार्ग राष्ट्रीय म्हणून घोषित केले. त्यांतील चौथ्या क्रमांकाच्या जलमार्गात गोदावरीचा भद्राचलम ते नाशिक हा भाग समाविष्ट आहे. म्हणजे १८७१ मध्ये जो बेत सोडून दिला, त्याहूनही लांब पल्ल्याचा मार्ग कायद्याच्या कागदावर आला. नदी मात्र तीच आहे. किंबहुना धरणांमुळे तिच्या पात्रातील पाणी अनेक ठिकाणी पूर्वीपेक्षा कमी झाले आहे. अशा मार्गावर यांत्रिक नौका न्यावयाची झाली, तर उथळ पाण्याच्या नौकेचा विचार पुन्हा होणार, हे उघड आहे.

पूरग्रस्तांच्या सुटकेची निकड तर याहूनही मोठी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली भागात आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पुराने गावे वेढली गेली, तेव्हा बचाव पथकांची भिस्त मुख्यतः पाण्यातील पंख्याच्या रबरी बोटींवर होती. पुराच्या पाण्याखाली कुंपणे, ऊस, झुडपे आणि तारा असतात. त्या पंख्यात अडकण्याचा धोका नेहमीचा. हवाई पंख्याच्या नौकेला हा धोका नाही. जीव वाचविण्याच्या प्रसंगी आवाजाची तक्रार कोणी करणार नाही, आणि करूही नये. तरीही बुडत्या माणसाची हाक ऐकू येण्यासाठी सुटकेच्या नौकेलाही शांततेचे मोल आहेच.

नित्याच्या वापराची गोष्ट निराळी. जायकवाडीच्या नाथसागराचे उदाहरण घ्यावे. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या या जलाशयाची साठवण सुमारे २,९०० दशलक्ष घनमीटर आणि पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर आहे; म्हणजे भरल्या जलाशयाची सरासरी खोली जेमतेम आठ मीटर. उन्हाळ्यात पाणी मागे हटते, गाळपेराच्या जमिनी उघड्या पडतात आणि काठावर दूरवर वीत-दीड वीत पाणी राहते. हाच परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. एअरबोटीला जी जागा सर्वात सोयीची, तीच पाणपक्ष्यांची चरण्याची आणि मासेमारांची जाळी टाकण्याची जागा. ठाण्याच्या खाडीतील चिखलाचे पट्टेही असेच. तेथे २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य घोषित झाले. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशा मर्यादा आहेत; शांतता क्षेत्र म्हणून रुग्णालये, शाळा, न्यायालये यांचा विचार केला आहे. जलाशयाचा उघडा काठ आणि त्यावर पोट भरणारा माणूस यांच्यासाठी त्या तक्त्यात वेगळा रकाना नाही.

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतील. उथळ पाण्याचा प्रश्न तंत्राने सुटला, परंतु प्रत्येक वेळी त्याचा भार दुसरीकडे सरकला. बंधारे व कालवे यांच्या काळात तो खजिन्यावर आणि रानात राबणाऱ्या मजुरांवर पडला, हॉवरक्राफ्टच्या काळात इंधनावर आणि उघड्या हवाई पंख्याच्या काळात काठावरच्या कानांवर. पंख्याच्या टोकाचा वेग, पात्यांची संख्या आणि कड्याची रचना या गोष्टी नौका विकत घेण्यापूर्वीच ठरविता येतात. नंतर तक्रारींनी त्या बदलणे दुष्कर असते. म्हणून गोदावरी खोऱ्यात अशी नौका आणण्याचा प्रसंग येईल, तेव्हा तिचे बूड किती उथळ आहे या प्रश्नाबरोबरच तिचा आवाज काठावर किती पोहोचतो, हाही प्रश्न पहिल्याच पत्रात विचारला गेला पाहिजे.

गिरिजेच्या पात्रात अशी नौका येण्याचा संभव फारच थोडा. परंतु तिचे पाणी पूर्णेवाटे ज्या गोदावरीत जाते, तिच्या काठावर एके काळी भोपळ्याच्या सांगडीवरून माणूस पलीकडे जाई आणि काठावरच्या बगळ्याला त्याची चाहूलही लागत नसे. ते दिवस परत यावेत, असे कोणी म्हणणार नाही. यंत्राच्या नौकेने त्यांचा तेवढा एक गुण घ्यावा, एवढी अपेक्षा मात्र शास्त्राच्या आवाक्याबाहेरची नाही.